मजकूर आणि मांडणी : बायोडेटा लिहिण्याविषयीं

(नभोवाणीवरील भाषण)

बायोडेटा कसा लिहावा या विषयावर बोलण्यास एखाद्या कंपनीचा अधिकारी बोलावयास हवा होता असें आपणांस वाटलें, तर तें अगदीं साहजिक आहे. मी पडलों निवृत्त शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. उभ्या जन्मांत मीं नोकरीसाठीं अर्ज केला तो एकच, आणि तोहि फुलस्केप कागदावर, शाईच्या पेनानें, डाव्या हाताला समास सोडून. तरीहि हा विषय मीं मागून घेतला आहे. त्याचें कारण असें कीं, माझ्या हातून या बाबतींत एक चूक झाली, आणि ती सुधारतांना जें मला शिकावयास मिळालें तें मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील पुष्कळ घरांच्या उपयोगी पडेल असें मला वाटतें. सध्यां कोणाचा ना कोणाचा बायोडेटा तयार होत नाहीं असें घर या उपनगरांतून क्वचितच सांपडेल.

हकीकत अशी. मुलुंडला आमच्या शेजारच्या चाळींत राहणारा माझा एक जुना विद्यार्थी बी. कॉम. झाला. दोन वर्षें त्यानें औषधांच्या एका घाऊक दुकानांत हिशेबाचें काम केलें होतें. आतां त्याला ऐरोलीच्या पुलापलीकडील एखाद्या मोठ्या कचेरींत शिरावयाचें होतें. तो एका सायबर कॅफेंत गेला. तेथील माणसानें संगणकांतून आदल्या कोणाची तरी फाईल काढली, जुनें नांव खोडून याचें घातलें, निळ्या पट्ट्या, चौकटी, तारे जसेच्या तसे ठेवले, आणि अर्ध्या तासांत चार पानांचा इंग्रजी बायोडेटा त्याच्या हातांत दिला. मुलगा तो घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, एकदां नजरेखालून घाला." मीं चष्मा लावून तो दोनदां पाहिला, व्याकरणाच्या दोन चुका काढल्या, आणि छान झाला आहे म्हणून सांगितलें.

तीन आठवडे गेले. बोलावणें आलें नाहीं. शेवटीं तो स्वतःच एका कचेरींत चौकशीस गेला. तेव्हां कळलें कीं, त्यांनीं दोनदां फोन केला होता, आणि दोन्ही वेळां पलीकडून 'राँग नंबर' असें उत्तर आलें होतें. जागा भरली गेली होती. शेवटच्या पानाच्या तळाशीं निळ्या पट्टींत, बारीक पांढऱ्या अक्षरांत, आदल्या उमेदवाराचा फोन नंबर तसाच राहिला होता. आणि त्याच पानावर, वरील सर्व माहिती खरी आहे अशा अर्थाच्या वाक्याखालीं माझ्या विद्यार्थ्याची सही होती.

त्या मुलानें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. "माझेंच लक्ष नव्हतें, सर," एवढेंच तो म्हणाला. पण ज्या माणसाचा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत गेला, त्याच्या मनाला ही गोष्ट लागल्यावांचून कशी राहील? तो नंबर मला दिसला नाहीं याचें खरें कारण पुढें माझ्या ध्यानांत आलें. मीं मजकूर वाचलाच नव्हता. मीं नुसतें पान पाहिलें होतें.

माझी पुतणी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे आणि सध्यां प्रबंध लिहीत आहे. तिला मीं हा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "काका, आधीं सगळा मजकूर साध्या अक्षरांत लिहून काढा. पट्टी नको, चौकट नको, रंग नको. कोणता शब्द मथळा आणि कोणती ओळ यादींतली, एवढी खूण करून ठेवा. मांडणी मागाहून यंत्र करील." तिचें बोलणें ऐकून मला एकदम माझ्या वडिलांची आठवण झाली. कारण हीच गोष्ट मीं लहानपणीं निराळ्या शब्दांत ऐकली होती.

माझे वडील गिरगांवांतील एका छापखान्यांत जुळारी होते. समोर शिशाच्या खिळ्यांची केस, तिच्यांत लहानमोठीं शेंकडों घरें, डाव्या हातांत स्टिक, आणि उजव्या हाताचीं बोटें न पाहतां नेमक्या घरांत जात. लेखकाचें हस्तलिखित त्यांच्यापुढें येई तें ओबडधोबड असे. संपादकानें तांबड्या पेन्सिलीनें समासांत खुणा केलेल्या असत : हा मथळा, हा नवा परिच्छेद, हें जाड टाइपांत. लेखक अक्षरांच्या आकाराची चिंता करीत नसे, आणि जुळारी मजकुरांत आपला शब्द घुसडीत नसे. "ज्याचें काम त्यानें करावें, म्हणजे चूक कोणाची तें कळतें," असें वडील म्हणत. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक टाइपाचें कौतुक सांगतांना त्यांचा स्वर बदलत असे. पण त्या कौतुकाला जोडून एक वाक्य ठरलेलें असे : टाइप कितीहि चांगला असो, प्रूफ वाचल्याशिवाय छापूं नये.

संगणक आल्यावर हीं तिन्हीं कामें एकाच माणसाच्या गळ्यांत पडलीं. आपण लिहितां लिहितांच अक्षर मोठें करतों, रंग देतों, चौकट ओढतों. मजकूर आणि मांडणी एकमेकांत इतकीं मिसळून जातात कीं, मजकूर अपुरा असला तरी सजावटीमुळें तो भरलेला दिसतो. उलट, नको असलेला मजकूर एखाद्या चौकटींत किंवा पानाच्या तळपट्टींत दडून बसतो. माझ्या विद्यार्थ्याचें नुकसान झालें तें याच मिसळीनें.

ही मिसळ पुन्हां वेगळी करण्याचे उपाय फार दिवसांपासून आहेत. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांच्या एका ग्रंथाचा पहिला खंड १९६८ सालीं शिशाच्या टाइपांत उत्तम छापला गेला होता. १९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं प्रुफें नव्या यंत्रावर निघून त्यांच्या हातीं आलीं, तीं पाहून त्यांस अत्यंत वाईट वाटलें. दुसरा एखादा लेखक प्रकाशकास चार ओळी लिहून स्वस्थ बसला असता. नूथ यांनीं हातांतील ग्रंथ बाजूला ठेवून अक्षरजुळणीचा संगणकी कार्यक्रमच लिहावयास घेतला. त्याचें नांव 'टेक्'. कला व कौशल्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें आहे. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेला त्यांनीं 'ग्लू' म्हणजे डिंक असें नांव दिलें. माझे वडील दोन शब्दांमध्यें शिशाचे पातळ तुकडे घालून ओळ भरून काढीत. टेक् ती जागा ताणतो किंवा आंखडतो, आणि तेंहि एकेक ओळ पाहून नव्हे, तर सबंध परिच्छेदाचा एकत्र विचार करून. पुढें १९८० नंतरच्या दशकांत लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं त्यावर 'लाटेक' ही सोपी पद्धत बसविली. तिच्यांत लेखकानें 'हा विभाग', 'ही यादी' एवढेंच सांगावयाचें. दोन्हीं साधनें फुकट मिळतात.

याहूनहि सोपी रीत म्हणजे 'मार्कडाऊन'. ती जॉन ग्रूबर यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांतील खुणा इतक्या थोड्या आहेत कीं, त्या नभोवाणीवरूनहि सांगतां येतील. मथळ्याच्या ओळीआधीं टेलिफोनवर असतें तें हॅशचें चिन्ह, यादींतील प्रत्येक बाबीआधीं एक आडवी रेघ, आणि शब्द ठळक हवा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंस दोन दोन फुल्या. बस्स. अशी फाईल कोणत्याहि फोनवर, कोणत्याहि जुन्या संगणकावर उघडते. मग 'पॅनडॉक' नांवाचें एक साधन आहे. तें कॅलिफोर्नियांतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनीं २००६ सालीं प्रथम पुढें आणलें. त्या एकाच साध्या फाईलीपासून तें वर्डची फाईल करून देतें, आणि लाटेकच्या मदतीनें सुबक पीडीएफहि करून देतें. कोणी वर्ड मागतो, कोणी पीडीएफ. मजकूर मात्र एकाच ठिकाणीं दुरुस्त करावा लागतो.

आतां आमच्या त्या संध्याकाळची गोष्ट सांगतों. मुलगा माझ्यासमोर बसला. चार पानांतील सारी सजावट काढून नुसते शब्द आम्ही साध्या फाईलींत उतरविले. चार पानांच्या अकरा ओळी झाल्या! तो चकित झाला; खरें सांगावयाचें तर मीहि झालों. त्या अकरा ओळींपैकीं पहिली ओळ होती, 'आव्हानात्मक वातावरणांत स्वतःचा व संस्थेचा विकास साधणें' अशा अर्थाची. मीं विचारलें, "हें तूं लिहिलेंस काय?" तो म्हणाला, "नाहीं सर, तें तिथें होतेंच." भाषाज्ञानापुढें पांचपैकीं चार तारे होते. "हे चार कोणीं दिले?" त्याला उत्तर नव्हतें. एका ओळींत टंकलेखनाचा मिनिटाला अमुक शब्द असा वेग दिला होता. तोहि आदल्या उमेदवाराचाच.

तीं सारीं वाक्यें गेल्यावर उरल्या सहा ओळी. तेव्हां मीं त्याला म्हटलें, "आतां सांग, त्या दुकानांत तूं दिवसभर काय करीत होतास?" तो म्हणाला, "विशेष कांहीं नाहीं सर. बिलें टॅलीमध्यें भरायचों, जीएसटीचे आंकडे काढून द्यायचों." आणखी विचारतां विचारतां तो म्हणाला कीं, मुदत संपत आलेलीं औषधें वेळेवर परत न गेल्यामुळें मालकाचें नुकसान होत असे; म्हणून यानें आपण होऊन दर महिन्यास तीन महिने पुढची यादी काढावयास सुरुवात केली, आणि माल मुदतीपूर्वीं कंपन्यांकडे परत जाऊं लागला. मीं विचारलें, "ही गोष्ट त्या चार पानांत कोठें आहे?" तो म्हणाला, "ती लिहायची असते असें मला वाटलेंच नाहीं. आणि तिच्यासाठीं तिथें रकानाच नव्हता."

श्रोतेहो, मला आज जें सांगावयाचें आहे तें या एका वाक्यांत आलें. तिच्यासाठीं तेथें रकाना नव्हता! आयत्या साच्यांत आपण आपली माहिती ओततों तेव्हां सांच्याला जें हवें असतें तें आपण कोठून तरी आणतों, आणि आपल्यापाशीं जें असतें तें बाहेर राहून जातें. कोऱ्या फाईलीला रकाने नसतात. तेथें आपल्यालाच विचार करावा लागतो कीं, मीं काय केलें आणि तें कोणत्या क्रमानें सांगावें. त्या रात्रीं जें एक पान तयार झालें, त्यांत सर्वांत वर त्याचें नांव, फोन नंबर, ई-मेल. मग काम, मग शिक्षण, मग येणाऱ्या भाषा, ताऱ्यांवांचून. औषधांच्या यादीची गोष्ट दोन ओळींत आली. तीं सर्व वाक्यें त्याचीं स्वतःचीं होतीं, आणि त्यांच्याखालीं त्याला निःशंकपणें सही करतां आली.

येथवर ऐकून आपला असा समज होईल कीं, या साधनांत अडचण म्हणून कांहीं नाहीं. तसें मात्र नाहीं. पुतणीच्या सांगण्यावरून मीं मार्कडाऊन सोडून प्रत्यक्ष लाटेकमध्यें तें पान जुळवून पाहिलें. पहिल्या दिवशीं एक महिरपी कंस बंद करावयाचा राहिला, तर यंत्रानें कागद देण्याऐवजीं तक्रारींचा पाढा वाचला आणि माझे तीन तास गेले. पण याहून मोठा फटका पुढेंच होता. मुलाच्या शिक्षणाच्या ओळींत मीं गुणांचा आंकडा घालून पुढें टक्क्याचें चिन्ह दिलें होतें, आणि त्यापुढें परीक्षेचें वर्ष. छापील पानावर आंकडा आला. चिन्ह नाहीं आणि वर्षहि नाहीं! लाटेकमध्यें टक्क्याच्या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर स्वतःच्या टिपणासाठीं आहे असें समजून छापला जात नाहीं. तें चिन्ह कागदावर हवें असेल तर त्यापूर्वीं उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. 'आणि' या अर्थाचें इंग्रजी चिन्ह वापरतांनाहि तीच काळजी. म्हणजे साध्या फाईलींत लिहिलेलें सर्व डोळ्यांपुढें असलें, तरी छापून आलेल्या पानाचें प्रूफ वाचणें कांहीं चुकत नाहीं. वडिलांचें तें ठरलेलें वाक्य मला पुन्हां आठवलें.

ज्यांस हें शिकावयाचें असेल त्यांनीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच उपनगरांत, पवईच्या आय. आय. टी. मध्यें, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं 'स्पोकन ट्यूटोरियल' नांवाचा उपक्रम सुरू झाला. त्याचे ऐकून आणि पाहून शिकावयाचे छोटे छोटे पाठ इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. लाटेकवरील पाठहि त्यांत आहेत, आणि या उपक्रमांतील पाठांचें निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केलें जातें. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या म्हाताऱ्याला एक पान जुळवितां आलें, तर तरुण मुलांस तें जड जाऊं नये.

मराठींत अर्ज करावयाचा असेल तर आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. पूर्वीं प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट निराळा असे, आणि त्यांतील अक्षरांमागचे संकेतहि निराळे असत. त्यामुळें एका संगणकावर लिहिलेला अर्ज दुसऱ्यावर उघडला कीं, नांवाच्या जागीं अगम्य इंग्रजी अक्षरें दिसत. १९९१ सालीं 'युनिकोड' प्रसिद्ध झालें. त्यांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास सर्वमान्य क्रमांक मिळाला. म्हणून लिहावयाचें तें युनिकोडमध्येंच लिहावें. त्याच वर्षीं हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठांतील फ्रान्स वेल्थुइस यांनीं टेक्साठीं देवनागरी अक्षरें तयार केलीं. पण त्यांसाठीं मजकूर रोमन लिपींत टंकावा लागे. २००४ सालीं जोनाथन क्यू यांचें 'झीटेक्' आलें, आणि देवनागरी मजकूर सरळ देवनागरींतच देण्याची सोय झाली.

फॉन्ट निवडतांना 'कऱ्हाड' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द छापून पाहावेत. मराठींतील हा आडवा अर्धा र ज्या फॉन्टांत नीट उमटत नाहीं तो आपल्या कामाचा नाहीं. या कामीं आपल्या मुंबईचें ऋण मोठें आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्यें शिकविणारे आणि पुढें जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेंत काम केलेले कवि व अक्षरकार र. कृ. जोशी यांनीं रेखाटलेला 'मंगल' फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरीं पोंचला. मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्ता' फॉन्ट कोणासहि फुकट वापरतां येतो.

आतां शेवटीं घरच्या घरीं करतां येण्यासारख्या दोन परीक्षा सांगतों. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज पुष्कळदां माणसाच्या आधीं संगणकच वाचतो. त्याला निळी पट्टी दिसत नाहीं; त्याला फक्त अक्षरांची ओळ मिळते. दोन रकान्यांच्या पानांत तो कधीं कधीं डावीकडील अर्धें वाक्य उजवीकडील अर्ध्या वाक्यास जोडून मोकळा होतो. म्हणून पीडीएफ उघडून सारा मजकूर उचलावा आणि फोनवरील साध्या टिपणवहींत चिकटवावा. तेथें तो क्रमानें, सलग वाचतां आला तर ठीक. मराठी मजकुरांत पहिल्या वेलांट्या जागच्या हलल्या आहेत काय, हेंहि तेथेंच कळतें.

दुसरी परीक्षा याहून सोपी. तो नवा बायोडेटा छापून झाल्यावर मीं मुलाला समोर बसविलें, कागद हातांत घेतला, आणि त्यावर छापलेला नंबर एकेक आंकडा वाचून माझ्या फोनवरून लावला. क्षणभर कांहींच झालें नाहीं. मग त्याच्या खिशांत घंटा वाजूं लागली. आम्ही दोघेहि हंसलों. पण खरें सांगतों, ती घंटा ऐकेपर्यंत माझा श्वास अडकला होता.

पुढें महिन्याभरांत एका कचेरीनें त्याला भेटीस बोलावलें. तेथील बाईंनीं बाकी सर्व सोडून औषधांच्या यादीविषयींच पाऊण तास विचारलें, असें तो सांगत आला. नोकरी त्याला लागली ती त्याच्या कामामुळें. लाटेकमुळें नव्हे, आणि माझ्यामुळें तर नव्हेच. पण आपण काय केलें हें त्या बाईंना वाचतां यावें एवढी सोय त्या एका साध्या पानानें केली. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी उद्यां असा कागद आपल्यापुढें ठेवील, तेव्हां 'छान झाला आहे' म्हणण्यापूर्वीं त्यावरील नंबर एकदां लावून पाहा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.